रजोनिवृत्तीनंतर सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर ‘जाड’ निघाले तर...

पित्ताशयातील खड्यांसाठी, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी किंवा नुसत्याच वार्षिक ‘फुल बॉडी चेकअप’साठी पोटाची सोनोग्राफी होते आणि अहवालाच्या तळाशी एक ओळ येते: एंडोमेट्रियम ८ मिलिमीटर, जाड, स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. स्त्री साठीच्या पुढची, पाळी जाऊन बारा-पंधरा वर्षे झालेली, तक्रार काहीच नाही. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरहून तो अहवाल व्हॉट्सॲपवरून लंडन, न्यू जर्सी किंवा दुबईतील मुलामुलींपर्यंत पोहोचतो. इंटरनेटवर आकडा शोधला जातो आणि ‘४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर कर्करोगाची शंका’ हे वाक्य समोर येते. ते वाक्य खोटे नाही. मात्र ते वेगळ्या स्त्रीसाठी लिहिलेले आहे. ज्या स्त्रीला रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होतो तिच्यासाठी ४ मिलिमीटरची मर्यादा आखली गेली. ज्या स्त्रीला रक्तस्राव मुळीच झालेला नाही तिला तीच मर्यादा लावली, की अनावश्यक बायोप्सी, अनावश्यक क्युरेटिंग आणि प्रसंगी अनावश्यक शस्त्रक्रिया यांची साखळी सुरू होते.

एंडोमेट्रियम म्हणजे गर्भाशयाचे आतील अस्तर. पाळी चालू असताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते वाढते, प्रोजेस्टेरॉनमुळे परिपक्व होते आणि गर्भधारणा न झाल्यास पाळीच्या रूपाने बाहेर पडते. शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. ब्रिटनमध्ये हे वय सरासरी ५१ च्या आसपास, तर भारतात ४६-४७ च्या आसपास आहे. त्यानंतर दोन्ही संप्रेरकांचे प्रमाण घटते आणि अस्तर पातळ होऊन जाते. म्हणूनच ते जाड दिसले, की डॉक्टर त्याची नोंद करतात.

पण ही जाडी नेमकी कशाची? बहुतेक वेळा तो पॉलिप असतो, म्हणजे अस्तरातूनच उगवलेला मांसल कोंब. कधी वयामुळे अस्तरात पाण्याच्या बारीक गाठी झालेल्या असतात. कधी अस्तरालगतच्या फायब्रॉइडमुळे किंवा गर्भाशयाच्या स्नायूतील बदलांमुळे मोजमापच फसते. काही स्त्रियांत अस्तराच्या पेशी खरोखर प्रमाणाबाहेर वाढलेल्या असतात. तिला हायपरप्लेसिया म्हणतात. आणि थोड्या स्त्रियांत कर्करोग असतो.

मोजमापाबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ काळजी तिथेच जन्माला येते. अस्तराची जाडी योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत, गर्भाशयाच्या उभ्या छेदात, सर्वांत जाड जागी मोजायची असते. पुढचा आणि मागचा असे दोन्ही थर मिळून एक आकडा धरतात आणि पोकळीत थोडे पाणी असेल तर ते त्यातून वगळतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत इतकी बारीक रेषा भरवशाने दिसत नाही, विशेषतः पोटावर चरबी असेल किंवा गर्भाशय मागे झुकलेले असेल तर. सीटी स्कॅनमधील आकडा त्याहून कच्चा. त्यामुळे पोटावरच्या सोनोग्राफीत किंवा सीटीत ‘जाड’ असे आले, तर पहिली पायरी बायोप्सीची नसून योनिमार्गातून नीट सोनोग्राफी करून घेण्याची आहे. तिथेच कित्येकींचा प्रश्न मिटतो. ही तपासणी काही मिनिटांची असते. मात्र वयस्क स्त्रीला ती काय आहे हे आधी समजावून सांगितलेले नसेल, तर ऐनवेळी ती नकार देते आणि अहवाल पुन्हा अर्धवटच राहतो.

चार मिलिमीटर आणि अकरा मिलिमीटर

अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने, म्हणजे ‘एकॉग’ने, २०१८ मध्ये दिलेल्या मतानुसार रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रीचे अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर कर्करोग नसण्याची खात्री ९९ टक्क्यांहून अधिक असते. अशा स्त्रीला पहिल्याच फेरीत बायोप्सी न करता चालते. त्याच मतात पुढे स्पष्ट म्हटले आहे, की रक्तस्राव नसलेल्या स्त्रीत योगायोगाने ४ मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी आढळली म्हणून सरसकट तपासण्या सुरू करण्याची गरज नाही. त्या स्त्रीची जोखीम पाहून निर्णय घ्यावा. पहिले वाक्य जगभर पोहोचले, दुसरे मागे राहिले.

मग रक्तस्राव नसताना कोणता आकडा धरावा? या प्रश्नावर सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास २००४ मधील आहे. रेबेका स्मिथ-बाइंडमन आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध आकडेवारीवरून गणित मांडले. रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीत अस्तर ५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर कर्करोगाची शक्यता सुमारे ७.३ टक्के येते. रक्तस्राव नसलेल्या स्त्रीत जवळपास तितकीच, म्हणजे ६.७ टक्के शक्यता येण्यासाठी अस्तर ११ मिलिमीटरपेक्षा जाड असावे लागते. त्याखाली ती नगण्य, ०.००२ टक्के. हे काल्पनिक समूहावर बेतलेले गणित आहे, प्रत्यक्ष रुग्णांची मोजणी नव्हे, हे लक्षात ठेवलेले बरे. तरीही कॅनडातील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० च्या मार्गदर्शिकेत ११ मिलिमीटरचा आधार घेतला आणि त्याला एक महत्त्वाची जोड दिली: आकडा कमी असला तरी अस्तर एकसारखे नसेल, त्यात रक्तपुरवठा वाढलेला असेल किंवा पोकळीत गढूळ द्रव दिसत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत १० मिलिमीटर हा उंबरठा वापरला जातो.

उंबरठा वर नेला, की काही रोगी स्त्रिया निसटतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. बीजाशयाच्या कर्करोगासाठी ब्रिटनमध्ये झालेल्या ‘यूकेसीटॉक्स’ या प्रचंड चाचणीतील सुमारे ३७ हजार स्त्रियांच्या सोनोग्राफींचा गर्भाशयाच्या दृष्टीने स्वतंत्र अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५ मिलिमीटर ही मर्यादा धरल्यास कर्करोग व कर्करोगपूर्व अवस्था असलेल्या सुमारे ८० टक्के स्त्रिया सापडत होत्या. १० मिलिमीटर धरल्यास जेमतेम ५४ टक्के. मात्र ५ मिलिमीटरच्या मर्यादेत कोणताही रोग नसलेल्या सुमारे १४ टक्के स्त्रियाही अडकत होत्या. म्हणजे दर सात निरोगी स्त्रियांमागे एकीच्या अहवालावर ‘जाड’ असा शेरा येणार आणि त्या सगळ्यांच्या गर्भाशयात नळी घालायची म्हटल्यास त्रास कितीतरी जणींना, लाभ मोजक्यांना. तक्रार नसलेल्या स्त्रियांची या कर्करोगासाठी सोनोग्राफीने सरसकट चाळणी करावी असे कोणतीही मोठी वैद्यकीय संस्था म्हणत नाही, त्याचे कारण हेच.

अंगावरून जाते का?

या सगळ्या गणिताचा आधार एका प्रश्नाच्या उत्तरावर आहे आणि तो प्रश्न सोनोग्राफीचे यंत्र विचारू शकत नाही. पाळी गेल्यानंतर कधी, अगदी एकदाच, रक्ताचा डाग दिसला होता का?

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची सुमारे ९० टक्के प्रकरणे रक्तस्रावाने स्वतःची चाहूल देतात. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी साधारण ९ टक्के स्त्रियांत कर्करोग निघतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणाचे हे दोन्ही आकडे आहेत. रोग लवकर सापडण्याची संधी या चिन्हामुळेच मिळते.

मराठी घरांत मात्र हे चिन्ह सहज झाकले जाते. ‘अंगावरून जाणे’ हा शब्दप्रयोग पांढऱ्या स्रावालाही चालतो आणि लाल स्रावालाही, त्यामुळे ‘थोडे अंगावरून जाते’ एवढ्या उत्तरावर थांबता येत नाही. गुलाबी, तपकिरी, चहासारखा डाग स्त्रिया रक्तात धरत नाहीत. कपड्यावर दिसलेले रक्त मूळव्याधीच्या किंवा लघवीच्या खाती जमा होते. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दोष गोळीवर जातो. ती गोळी रक्तस्राव वाढवू शकते, पण रक्तस्रावाचे मूळ शोधण्याची जबाबदारी तिने संपत नाही. मुलाशी हे बोलायचे नाही, सुनेशी बोलायला संकोच, मुलगी सातासमुद्रापार. फोनवर ‘काही त्रास नाही ना?’ असे विचारले, की ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘पाळी गेल्यापासून लाल, गुलाबी किंवा तपकिरी डाग कधी दिसला का, शेवटचा कधी?’ असा नेमका प्रश्न घरातील एखाद्या स्त्रीने विचारला तर उत्तर बदलण्याची शक्यता मोठी असते.

उत्तर ‘हो’ आले तर अहवालातील जाडी ‘योगायोगाने आढळलेली’ राहत नाही. मग ४ मिलिमीटरचाच नियम लागू होतो. ब्रिटनमध्ये पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर विनाकारण रक्तस्राव झालेल्या ५५ वर्षांवरील स्त्रीला कर्करोगाच्या संशयित मार्गाने तातडीने पाठवावे, असा ‘नाइस’ संस्थेचा निर्देश आहे आणि इंग्लंडमध्ये कर्करोग आहे की नाही हे २८ दिवसांत सांगण्याचे उद्दिष्ट आहे. शिवाय अस्तर पातळ असूनही रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल, तर ऊतीचा नमुना घेतलाच पाहिजे, असे एकॉगही बजावते. काही आक्रमक प्रकारचे कर्करोग अस्तर फारसे जाड न करताच वाढतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये पातळ अस्तराच्या भरवशावर कर्करोग निसटल्याचे अलीकडील संशोधनात दिसले आहे.

जोखीम कोणाची जास्त

रक्तस्राव नाही, योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ७ मिलिमीटर जाडी, अस्तर एकसारखे; अशा वेळी निर्णय स्त्रीच्या इतर इतिहासावर ठरतो. लठ्ठपणा हा यातील सर्वांत मोठा घटक. बीजाशये थकल्यानंतरही चरबीच्या पेशी इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवत राहतात आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मात्र उरलेले नसते. भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेहाचा धोका तुलनेने कमी वजनालाच सुरू होतो. म्हणून ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई व्यक्तींसाठी वजन-उंची गुणोत्तराची जास्त वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २७.५ धरतात. गर्भाशयासाठी असा वेगळा आकडा ठरलेला नाही. तथापि मधुमेह हा या कर्करोगाचाही जोखीम-घटक आहे. मूल न झालेले असणे, तरुणपणी पीसीओएसमुळे पाळी अनियमित असणे, पाळी उशिरा जाणे हेही जोखीम वाढवतात. जवळच्या नात्यात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग कमी वयात झालेला असेल, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाचा विचार करावा लागतो आणि मग थांबून पाहण्याचा पर्याय बाजूला पडतो.

औषधांची यादी इथे निर्णायक ठरते. स्तनाच्या कर्करोगानंतर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन अस्तराखालच्या थरात असे बदल घडवते, की सोनोग्राफीत अस्तर जाड आणि जाळीदार दिसते. रजोनिवृत्तीनंतर हे औषध घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाची जोखीम दुप्पट-तिप्पट असते हे खरे. तरीही रक्तस्राव नसेल तर नियमित सोनोग्राफी करू नये असाच सल्ला आहे, कारण जाडी बऱ्याच जणींत दिसते आणि तिच्यामागे धावून हाती फारसे लागत नाही. संप्रेरक उपचार, म्हणजे एचआरटी, घेणाऱ्या स्त्रियांचे अस्तर उपचाराच्या प्रकारानुसार बदलते. गर्भाशय शाबूत असताना प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधाविना नुसते इस्ट्रोजेन चालू असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावी. ‘नैसर्गिक’ गोळ्यांनाही सूट नाही. पाच वर्षे मोठ्या मात्रेत सोया आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या घेतलेल्या काही स्त्रियांत अस्तराची अनैसर्गिक वाढ आढळल्याचे एका इटालियन अभ्यासाने २००४ मध्ये दाखवले. जेवणातील सोयाबीनचा याच्याशी संबंध नाही.

पुढची तपासणी

जोखीम कमी आणि जाडी मर्यादेच्या आत असेल, तर काही न करणे हा मान्यताप्राप्त निर्णय आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहावे असे सर्वमान्य वेळापत्रक कुठेही नाही. एकदा पुन्हा पाहून घेण्यात गैर नाही, त्याचा सण करण्यात अर्थ नाही. रक्ताचा डाग दिसताच यायचे, ही सूचना मात्र स्त्रीला स्वतःला स्पष्ट शब्दांत मिळाली पाहिजे, तिच्या मुलाला नव्हे.

तपासणी ठरली तर बाह्यरुग्ण विभागातच पिपेल नावाच्या बारीक नळीने अस्तराचा नमुना घेता येतो. ही नळी न पाहता घातली जात असल्याने पॉलिप तिच्या तावडीतून सुटू शकतो. म्हणून जाडी एकाच जागी असेल तर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आत पाहून तेवढाच भाग काढणे, अधिक योग्य. जुन्या पद्धतीच्या क्युरेटिंगमध्येही आतील सगळा भाग खरवडला जातोच असे नसते. वयस्क स्त्रीचे गर्भाशयमुख आक्रसलेले असते, त्यामुळे हिस्टेरोस्कोपी काहींना फार दुखते. वेदनाशामक, स्थानिक भूल अथवा पूर्ण भूल यांचे पर्याय आधी विचारण्याचा आणि मध्येच ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे. इंग्रजीत अडखळणाऱ्या आईसोबत गेलेल्या व्यक्तीने दुभाष्याची मागणी भेटीच्या आधीच नोंदवावी. मुलाने आईचे असे प्रश्न भाषांतरित करणे दोघांनाही जड जाते.

पॉलिप निघाला तर तो घातक असण्याची शक्यता रक्तस्राव नसलेल्या स्त्रियांत फार कमी असते. इटलीतील अनेक रुग्णालयांच्या एका अभ्यासात अशा १,१५२ स्त्रियांपैकी एकीच्याच पॉलिपमध्ये कर्करोग आढळला. पॉलिप मोठा असेल किंवा जोखीम जास्त असेल तर काढतात. लहान असेल तर चर्चेअंती ठेवताही येतो. हायपरप्लेसिया निघाल्यास पॅथॉलॉजी अहवालातील एकच शब्द शोधायचा: ॲटिपिया, म्हणजे पेशींच्या रूपातील विकृती. ॲटिपिया नसेल तर वीस वर्षांत कर्करोग होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी, असे ब्रिटनच्या रॉयल कॉलेजची २०१६ ची मार्गदर्शिका सांगते. अशा वेळी उपचार म्हणून प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषध सोडणारे कॉपर-टीसारखे साधन गर्भाशयात बसवतात आणि ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी करतात. ॲटिपिया असेल तर रजोनिवृत्तीनंतर गर्भाशय, बीजनलिका आणि बीजाशये काढण्याचाच सल्ला दिला जातो, आणि तो टाळू नये.

‘पिशवी काढून टाका’

महाराष्ट्रात या विषयाला एक वेगळी किनार आहे. ‘आता तिचा उपयोग काय, पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटेल’ हा सल्ला आजही सहज दिला जातो आणि त्याहून सहज स्वीकारला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या प्रकरणात २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी सुमारे १३,८०० स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्या तरुण, गरीब, पाळी चालू असलेल्या स्त्रिया होत्या. त्यांचे कारण आणि शहरी साठीच्या स्त्रीचे कारण एक नव्हे. परंतु गर्भाशयाकडे टाकाऊ अवयव म्हणून पाहण्याची सवय दोन्हीकडे सारखीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश सर्व राज्यांना दिला.

रक्तस्राव नसलेल्या स्त्रीला केवळ सोनोग्राफीतील जाडीवरून, ऊतीचा नमुना न तपासता, गर्भाशय काढण्याचा सल्ला कोणी दिला तर दुसरे मत घेणे अत्यावश्यक आहे. यात वैद्यकीय अपायही आहे. नमुना न तपासता शस्त्रक्रिया केली आणि नंतर कर्करोग निघाला, तर आवश्यक ते नियोजन आधी झालेले नसते आणि काही वेळा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

आईवडिलांना परदेशी बोलावून ‘इथेच सगळे दाखवू’ असा बेत पुष्कळदा आखला जातो. इंग्लंडमध्ये पाहुण्या म्हणून आलेल्या व्यक्तीला जीपीचा सल्ला मोफत मिळतो. रुग्णालयातील तपासण्या व उपचारांसाठी मात्र एनएचएसच्या दराच्या दीडपट आकारणी होते. अमेरिकेत पाहुण्यांसाठी घेतलेला विमा आधीपासूनच्या आजारांना बहुधा वगळतो आणि निघण्यापूर्वीच्या अहवालात ‘जाड अस्तर’ नोंदलेले असले, तर दावा नाकारायला तेवढे पुरते. योनिमार्गातील सोनोग्राफी, पिपेल आणि हिस्टेरोस्कोपी या तिन्ही सोयी महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, तेव्हा निदान तिथेच करून घेणे सोयीचे. दुसरे मत परदेशात घ्यायचे असेल तर सोनोग्राफीचा लेखी अहवाल पुरत नाही. त्याची चित्रे, चालू औषधांची मात्रेसह यादी आणि बायोप्सी झाली असल्यास काचेच्या स्लाइड व मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेकडून लेखी अर्ज करून मागून घ्यावेत. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला ॲटिपिया आहे की नाही हे त्या स्लाइडवरूनच ठरवावे लागते.